इंटरनेट नसताना आवाजावरून पक्षी ओळखणारे उपकरण वापरण्याचा अनुभव

माझ्या घरी इंटरनेटची जोडणी नाही आणि ज्या झाडीत व माळावर मी पक्षी ऐकायला जाते तिथे मोबाइलची रेंजही क्वचितच मिळते. तरीही पक्ष्यांचे आवाज ऐकून त्यांची नावे नोंदवणारे एक छोटे उपकरण मी गेल्या काही हंगामांपासून बाहेर नेते आहे आणि त्याचा मला खरोखर उपयोग होतो आहे. हे कसे जमवले, कुठे अडले आणि उपकरणाने सांगितलेल्या नावांवर किती विसंबायचे हे कसे ठरत गेले, ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण अशा उपकरणांविषयीची बहुतेक माहिती घरात वायफाय आहे असे गृहीत धरून लिहिलेली असते आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांना पहिल्याच पायरीवर थांबावे लागते.

सर्वांत आधी समजून घ्यावे लागले ते हे, की ओळखण्याचे काम नेमके कुठे होते. काही उपकरणे आवाज फक्त गोळा करतात आणि इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवतात. ओळख तिथे होते आणि नाव परत येते. जोडणी तुटली की त्यांचे मुख्य काम थांबते. दुसरा प्रकार केवळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रांचा. त्यातले ऑडिओमॉथ हे यंत्र अभ्यासकांमध्ये बरेच रुळले आहे. ते तीन एए सेलवर चालते, ठरवून दिलेल्या वेळी जागे होते आणि मेमरी कार्डावर आवाज साठवते. त्याला इंटरनेट मुळीच लागत नाही, पण नावे कळण्यासाठी कार्ड घरी आणून संगणकावर विश्लेषण करावे लागते. तिसऱ्या प्रकारात ओळखणारे मॉडेल, म्हणजे आवाजांच्या नमुन्यांवरून ओळखायला शिकवलेली आज्ञावली, उपकरणातच बसवलेले असते, म्हणजे ऐकणे, ओळखणे आणि नोंदवणे ही तिन्ही कामे झाडाखालीच पार पडतात. मला हाच प्रकार हवा होता.

फोनवरचे मर्लिन हे ॲपही याच तिसऱ्या प्रकारात येते. त्यात २०२१ पासून आवाज ओळखण्याची सोय आहे आणि आपल्या प्रदेशाचा पक्षिसंच एकदा उतरवून घेतला की ती इंटरनेटशिवाय चालते. ज्यांना ही वाट नवी आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी असे मी मनापासून सांगेन. मला ते पुरेसे वाटले नाही याचे कारण वेगळे होते. फोन हातात धरून उभे राहावे लागते, आपण तिथे असतो तेवढाच वेळ ऐकले जाते, आणि पहाटेचा जो काळ पक्षी सर्वाधिक गातात त्याच्या आधीपासून सलग नोंद ठेवायची तर फोन झाडाला टांगून निघून जाता येत नाही.

म्हणून रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा एकाच पाटीवरचा छोटा संगणक घेऊन त्यावर बर्डनेट चालवायचे ठरवले. बर्डनेट हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि जर्मनीतील केम्निट्स तंत्रविद्यापीठ यांनी मिळून घडवलेले मॉडेल आहे. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचा स्पेक्ट्रोग्राम तयार करते. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचे चित्र. त्यात आडव्या अक्षावर वेळ असते, उभ्या अक्षावर वारंवारता असते आणि रंगाच्या गडदपणावरून जोर कळतो. या चित्राची ठेवण कोणत्या पक्ष्याच्या आवाजाशी किती जुळते हे पाहून मॉडेल नाव आणि ० ते १ दरम्यानचा एक गुणांक देते. त्याला सहा हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत, आणि एवढे असूनही मॉडेलची फाइल १०० मेगाबाइटपेक्षा लहान आहे. असे मॉडेल घडवताना प्रचंड संगणनक्षमता लागते, पण घडलेले मॉडेल वापरायला फार थोडी पुरते. म्हणूनच केवळ ५१२ मेगाबाइट मेमरी असलेली ही पाटी, कोणत्याही सर्व्हरचा आधार न घेता, आवाज येत जाईल तसतसा तो तपासू शकते.

तयारीसाठी मात्र इंटरनेट लागतेच, आणि ते कधी व कशासाठी लागणार याची यादी आधी करून ठेवली तर एकाच बैठकीत काम उरकते. एका परिचितांकडे बसून मी कार्यप्रणाली, ओळखण्याची आज्ञावली, मॉडेल आणि पक्ष्यांच्या नावांची फाइल उतरवून घेतली. नावांची फाइल साध्या मजकुराची असते. प्रत्येक ओळीत आधी शास्त्रीय नाव आणि मग प्रचलित नाव. माझ्या भागात हमखास आढळणाऱ्या पक्ष्यांसमोर मी मराठी नावे लिहिली, त्यामुळे पडद्यावर ‘कॉप्सिकस सॉलॅरिस’ ऐवजी सरळ ‘दयाळ’ असे येते आणि बरोबर असलेल्या कोणालाही ते लगेच कळते. त्याच बैठकीत झेनो-कँटो या संग्रहातून नमुन्याचे आवाज घेऊन ठेवले. २००५ साली सुरू झालेल्या या संग्रहात जगभरातल्या पक्षिप्रेमींनी केलेली ध्वनिमुद्रणे मुक्त परवान्यांखाली ठेवलेली आहेत. प्रत्येक जातीचे गाणे, साधी हाक आणि धोक्याची हाक असे निरनिराळे नमुने मी जातवार फोल्डर करून फोनमध्ये भरले. बाहेर असताना उपकरणाने नाव सांगितले आणि ते पडताळायला हाताशी काही नसेल तर ते नाव स्वीकारण्यावाचून किंवा सोडून देण्यावाचून पर्याय उरत नाही, म्हणून हा संग्रह मला मॉडेलइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सर्व बसवून झाल्यावर त्या मेमरी कार्डाची जशीच्या तशी दुसरी प्रत करून ठेवली. रानात चालू असताना वीज अचानक तुटली तर कार्डावरची मांडणी बिघडू शकते, आणि घरी इंटरनेट नसलेल्या माणसासाठी सगळे पुन्हा बसवणे म्हणजे पुन्हा कोणाकडे तरी जाणे. प्रत हाताशी असली की कार्ड बदलायचे आणि पुढे चालायचे.

यानंतर आला तो घड्याळाचा प्रश्न, आणि इंटरनेट नसण्याचा खरा अर्थ मला तिथे उमगला. या पाटीवर स्वतःचे बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. जोडणी असेल तर सुरू होताच ती इंटरनेटवरून वेळ घेते; नसेल तर बंद होताना कार्डावर लिहून ठेवलेल्या शेवटच्या वेळेपासून पुढे मोजू लागते. म्हणजे रविवारी संध्याकाळी बंद केलेले उपकरण पुढच्या शनिवारी पहाटे सुरू केले तर त्याच्या लेखी अजून रविवारची संध्याकाळच असते. सुरुवातीच्या एका यादीत रातव्याची नोंद भर दुपारची दिसली. रातवा अंधार पडताना आणि पहाटेच्या आधी ‘चक् चक् चक्’ करत बोलणारा पक्षी. दुपारी तो जमिनीवर पाचोळ्याच्या रंगात मिसळून निश्चल बसलेला असतो. मुद्रित तुकडा ऐकला तर आवाज स्पष्ट रातव्याचा होता. ओळख बरोबर होती, वेळ चूक होती.

वेळ चुकण्याचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. बर्डनेट वर्षाचे ४८ आठवडे मानते, प्रत्येक महिन्याचे चार, आणि दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर त्या आठवड्यात कोणत्या जाती असण्याची शक्यता आहे याची यादी तयार करून बाकीच्या जाती बाजूला ठेवते. त्यामुळे घड्याळ काही आठवडे मागे राहिले, तर नुकत्याच आलेल्या हिवाळी पाहुण्यांना उपकरण यादीतच धरत नाही आणि त्यांचा आवाज समोर असूनही नाव घेत नाही. सततच्या जोडणीवर चालणाऱ्या उपकरणात ही वेळ गुपचूप पुरवली जाते, म्हणून तिची आठवणही होत नाही. यावर मी डीएस ३२३१ या चिपचे छोटे घड्याळ जोडले. ते बिल्ल्यासारख्या चपट्या सेलवर चालते, उपकरण बंद असतानाही वेळ राखते आणि सामान्य तापमानात वर्षभरात साधारण मिनिटभरापेक्षा जास्त चुकत नाही. जीपीएसचा तुकडा जोडूनही वेळ मिळते, शिवाय ठिकाणही मिळते. पण त्याला मोकळे आकाश लागते आणि दाट पानांखाली उपग्रहांचे संकेत मिळायला वेळ जातो. मी घड्याळ निवडले आणि अक्षांश-रेखांश हाताने भरते. जातींची यादी करण्यासाठी ठिकाण इतके अचूक असावे लागत नाही. काही किलोमीटरांचा फरक सहज चालतो.

ठिकाण न देता काय होते तेही मी मुद्दाम करून पाहिले. मॉडेलसमोर मग जगातल्या सगळ्याच जाती खुल्या असतात आणि यादीत इथे कधीही न आढळणाऱ्या, दुसऱ्या खंडांतल्या पक्ष्यांची नावे येऊ लागतात. आवाजाच्या चित्रात दोन भिन्न खंडांतल्या जाती एकमेकींशी इतक्या जुळू शकतात हे पाहून ठिकाण आणि वेळ यांचे मोल चांगलेच पटले. माणूसही असाच ओळखतो. ओळखीच्या झाडीतली शीळ कानावर आली की आपण मनातल्या मनात आधी ठिकाण आणि ऋतू यांची चाळणी लावतो, आणि मगच नाव घेतो.

बाह्य रचनेत सर्वाधिक विचार माइकचा करावा लागला, कारण इथे कमी पडले तर पुढे कोणतीही आज्ञावली ते भरून काढू शकत नाही. माइकला स्वतःचा एक खर्रखर्र असा अंगभूत आवाज असतो. तो जितका कमी तितका दूरचा पक्षी हाती लागतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि उंच पट्टीचे सूर हवेत अधिक शोषले जातात, त्यामुळे शेजारच्या झाडावरचा बारीक आवाजाचा पक्षी आणि ओढ्यापलीकडचा तोच पक्षी मॉडेलला दोन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात. मी कमी अंगभूत आवाजाची इलेक्ट्रेट जातीची माइकगोळी वापरली, ती यूएसबी साउंडकार्डला जोडली आणि वायर एवढी लांब ठेवली की माइक पेटीपासून दूर राहील. माइक संगणकाच्या फार जवळ असला तर वायफायच्या लहरींची बारीक टिकटिक ध्वनिमुद्रणात उतरते, आणि ती कानाला जाणवली नाही तरी स्पेक्ट्रोग्राममध्ये सरळ उभ्या रेघांच्या रूपाने दिसते.

वाऱ्यासाठी माइकवर आधी स्पंज आणि त्यावर लांब केसांच्या कृत्रिम फरचे आवरण चढवले. वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत, काहीशे हर्ट्झपर्यंत जमा होतो, म्हणून तो पट्टा सरसकट छाटून टाकावा असे अनेकजण सुचवतात. मी ते केले नाही. भारद्वाजाचा खोल घुमणारा ‘ऊप ऊप ऊप’ त्याच पट्ट्यात असतो, आणि तो छाटल्यावर वाऱ्याबरोबर भारद्वाजही यादीतून जातो. आवरण चांगले असेल आणि जागा आडोशाची निवडली असेल तर छाटण्याची गरज पडत नाही असा माझा अनुभव आहे. पावसासाठी माइक खाली तोंड करून टांगते, वर छोटे छप्पर ठेवते; पेटीच्या झाकणाला रबराची कड आहे आणि वायर पेटीच्या तळातून बाहेर काढली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न शिरता खालीच टपकते.

विजेचा हिशेब सोपा आहे. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेतली ऊर्जा ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॉट-तास भरते. व्होल्ट वाढवताना होणारी घट वजा करता सुमारे ३२ वॉट-तास हाती येतात. माझी जुळणी चालू असताना साधारण २ वॉट घेते, म्हणजे पंधरा-सोळा तास. संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळचा भर ओसरेपर्यंत ते पुरते. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. काही पॉवर बँका वीज फार कमी ओढली जात असेल तर आपोआप बंद होतात, त्यामुळे विकत घेण्याआधी किंवा रानात नेण्याआधी आपल्या जुळणीबरोबर ती रात्रभर चालवून पाहावी. बंद करतानाही सरळ वायर उपटू नये. आधी फोनवरून बंद करण्याची आज्ञा द्यावी, पाटीवरचा दिवा विझू द्यावा आणि मग वायर काढावी.

फोनशी जोडणी करायला रानात राउटर नसतो, म्हणून उपकरणालाच स्वतःचे वायफाय निर्माण करायला लावले आहे. फोन त्या वायफायला जोडला की ब्राउझरमध्ये यादी, गुणांक आणि मुद्रित तुकडे दिसतात. इथे नवख्या माणसाला हमखास बुचकळ्यात टाकणारी गोष्ट घडते. फोन थोड्याच वेळात ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ अशी सूचना देतो आणि आपण दुर्लक्ष केले तर स्वतःहून मोबाइल डेटाकडे वळतो. मग पान उघडत नाही आणि उपकरण बंद पडल्यासारखे वाटते. त्या सूचनेत ‘तरीही जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा किंवा तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवावा. वायफाय सतत चालू ठेवल्यास वीज खर्च होते, म्हणून पाहणी झाली की मी ते बंद होईल अशी व्यवस्था केली आहे.

जागा निवडताना मी झाडीची कड पसंत करते, जिथे मोकळे रान आणि झाडोरा एकत्र येतात, कारण दोन्हीकडचे पक्षी तिथे ऐकू येतात. वाहत्या पाण्याचा आवाज सर्व पट्ट्यांवर पसरतो आणि बारीक आवाज गिळून टाकतो, म्हणून ओढ्यापासून दूर राहते. फांदीला उपकरण बांधताना पाने माइकला घासणार नाहीत हे हाताने फांदी हलवून पाहते. घरट्याजवळ ते कधीही लावत नाही, आणि फोनमधले नमुन्याचे आवाज रानात स्पीकरवर वाजवत नाही. विणीच्या काळात हद्दीतला नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून खाणे आणि पिलांची राखण सोडून धावून येतो. संरक्षित क्षेत्रात असे काही लावायचे असेल तर आधी परवानगी घ्यायला हवी. माणसांच्या बोलण्याविषयीही काळजी घ्यावी लागते. बर्डनेटमध्ये पक्ष्यांखेरीज मानवी आवाज, कुत्रा, इंजिन असे वर्गही आहेत. मानवी आवाज आढळला की तो तुकडा साठवूच नये अशी सोय करता येते आणि मी ती नेहमी चालू ठेवते.

आता मुख्य भागाकडे येते, तो म्हणजे आलेल्या नावांची पडताळणी. गुणांक ०.८ आला म्हणजे नाव बरोबर असण्याची शक्यता ८० टक्के, असा अर्थ बहुतेकजण काढतात आणि तो बरोबर नाही. बर्डनेट घडवणाऱ्यांपैकी स्टेफान काल आणि कॉनर वुड यांनी २०२४ मध्ये जर्नल ऑफ ऑर्निथॉलॉजीत लिहिलेल्या लेखात हे स्पष्ट केले आहे, की हा गुणांक संभाव्यता नाही आणि प्रत्येक जातीसाठी त्याचा अर्थ वेगळा असतो. एका जातीसाठी ०.४ पुरेसा विश्वसनीय असू शकतो, तर दुसऱ्या जातीच्या ०.९ मध्येही चुका असू शकतात. त्यांनी सुचवलेली पद्धत सरळ आहे: कमी-जास्त गुणांकांचे तुकडे घ्यावेत, स्वतः ऐकून बरोबर-चूक ठरवावे आणि त्यावरून त्या जातीसाठी उंबरठा, म्हणजे किती गुणांकापासून पुढे नाव मानायचे ते, निश्चित करावा. हे काम मी वहीत करते. एका बाजूला गुणांक, दुसऱ्या बाजूला माझा निर्णय, आणि शंका असेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हांची संख्या मला लाजिरवाणी वाटत नाही. माझ्या कानाला अजून कुठे शिकायचे आहे ते त्यावरून कळते.

या कामात स्पेक्ट्रोग्राम वाचायला शिकणे हा मला मिळालेला मोठा आनंद आहे. तांबटाचा ‘टुक टुक टुक’ एक किलोहर्ट्झच्याही खाली, एकाच उंचीवर, अगदी समान अंतरावरच्या ठिपक्यांसारखा उमटतो आणि मिनिटामागून मिनिटे तसाच चालू राहतो. अशा नोंदींत चूक जवळजवळ सापडत नाही. पावशाचे ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत जाते, प्रत्येक आवर्तन आधीच्याहून थोडे वर, आणि टोकाला पोहोचून एकदम थांबते. कोकिळाची चढती ‘कुहू’ वेगळ्या आकाराची असते, कारण तिच्यात प्रत्येक हाकेत सूर लांबवर वर ओढला जातो. ही चित्रे काही वेळा पाहिली की प्रत्यक्ष ऐकतानाही कान त्यांच्याकडे वेगळ्या लक्षाने वळतो. पूर्वी मला ‘दूर कुठेतरी काही ओरडते आहे’ एवढेच जाणवत असे, आता सूर चढतो आहे की उतरतो आहे, तुटक आहे की सलग, हे आधी ऐकू येते.

चुकणाऱ्या नोंदींत तर शिकण्यासारखे फार आहे. खारीची ‘चिक चिक चिक’ अशी एकसारखी हाक पुष्कळदा एखाद्या पक्ष्याच्या नावावर जमा होते. रातकिडे आणि सिकाडा यांचा अखंड आवाज स्पेक्ट्रोग्राममध्ये जाड आडव्या पट्ट्याच्या रूपाने दिसतो आणि त्या पट्ट्यात सूर असलेले पक्षी त्याखाली दडून जातात, म्हणून संध्याकाळच्या यादीत ते पक्षी नसणे म्हणजे ते तिथे नव्हते असे समजता येत नाही. सर्वांत लक्षात राहिलेली नोंद शिकऱ्याची. गुणांक चांगला वरचा होता, तुकडा ऐकला तर शिकऱ्याची दोन सुरांची हाक अगदी स्पष्ट होती, आणि चित्रही नमुन्याशी तंतोतंत जुळत होते. उपकरण ओळखलेल्या तुकड्याच्या आगेमागे थोडाच आवाज वेगळा काढून ठेवते; पण मी सलग ध्वनिमुद्रणही राखते, म्हणून ते त्या क्षणाच्या कितीतरी आधीपासून ऐकले. त्यात कोतवालाचे खरखरीत सूर होते, मग ती शिकऱ्याची हाक, मग पुन्हा तेच खरखरीत सूर, सगळे एकाच दिशेने आणि एकाच जोराने. कोतवाल शिकऱ्याची हाक उठवतो हे पक्षिनिरीक्षकांना चांगले ठाऊक आहे. इतर पक्षी घाबरून पांगले की त्यांनी सोडलेला किडा त्याला मिळतो. भृंगराज आणि हरेवा हेही असेच नकला करतात. तीन सेकंदांच्या तुकड्यावरून मॉडेलला हे कळणे शक्य नाही, कारण नक्कल ओळखायची तर आधी आणि नंतर कोण बोलत होते हे ऐकावे लागते.

सलग ध्वनिमुद्रण राखायचे तर जागा लागते. सेकंदाला ४८,००० नमुने, १६ बिट आणि एकच मार्गिका असा आवाज न दाबता साठवला तर तासाला सुमारे ३४५ मेगाबाइट आणि दिवसाला ८ गिगाबाइटांहून थोडे अधिक होतात. फ्लॅक पद्धतीने साठवल्यास काही न गमावता हे बरेच कमी होते. एमपी३ मी टाळते, कारण त्यात माणसाच्या कानाला जाणवणार नाही असे गृहीत धरून आवाजाचा काही भाग टाकून दिला जातो, आणि बारीक सुरांच्या तपासणीत नेमका तोच हवा असू शकतो. पडताळणी झाली की फक्त निर्णायक तुकडे आणि शंकेचे तुकडे ठेवते व बाकीचे पुसते.

इंटरनेट मिळेल त्या दिवशी मी पडताळलेल्या नोंदी ई-बर्डवर भरते. २००२ साली सुरू झालेल्या या नोंदसंग्रहात केवळ उपकरणाने नाव सांगितले म्हणून पक्षी घालू नये, निरीक्षकाने स्वतः खात्री करावी, अशी अपेक्षा आहे आणि ती मला योग्य वाटते. एका ठिकाणी घुसलेले चुकीचे नाव पुढे त्याच माहितीवर बनणाऱ्या जातींच्या याद्यांतही झिरपू शकते. त्यामुळे मी तिथे असताना ऐकलेले पक्षी मी केलेल्या निरीक्षणाच्या यादीत जातात, आणि मी नसताना उपकरणाने टिपलेले पक्षी वेगळ्या फाइलमध्ये, मुद्रित तुकड्यासह राहतात. छोट्या पर्णवटवट्यांच्या ज्या हाका आपसांत फार जुळतात त्यांच्यासाठी उंबरठा कितीही वर नेला तरी माझे समाधान झालेले नाही. त्यांच्या नोंदी मी उपकरणाच्या नावावर सोडत नाही. त्यांची वेळ आणि जागा टिपून घेते, पुढच्या वेळी दुर्बीण घेऊन त्याच झाडाखाली उभी राहते आणि पक्षी दिसला तरच नाव लिहिते.